कॅप्टन प्रुइटचं बिऱ्हाड

“घर छान राखलंय तुम्ही,” नवा कॅप्टन लूमिस खिडकीतून बाहेरचं गवताळ रान न्याहाळत म्हणाला. “हेच घेतो.”

घर कॅप्टन प्रुइटचं होतं. डाकोटातल्या त्या ठाण्यावर, किंबहुना सगळ्याच अमेरिकी लष्करात, रीत एकच: वरचा अधिकारी आला की पसंत पडेल ते घर त्याचं. निघालेल्याने मग आपल्याहून खालच्याला हुसकवायचं. बळी तो कान पिळी, तेही कायद्याने! लूमिस वयाने धाकटा, पण त्याची कॅप्टनकी प्रुइटच्या आधीची. यादवी युद्धात प्रुइटला कर्नल म्हणत. युद्ध संपलं आणि कर्नलकी नुसती हाक मारण्यापुरती उरली.

लूमिस गेला तसा प्रुइट ओसरीवर येरझारा घालू लागला. स्वस्थ बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“किती चालशील? फळ्या झिजतील, आणि आता त्या लूमिसच्या आहेत,” त्याची बायको लॅव्हिनिया आतून म्हणाली आणि खोकू लागली. ओल्या जागेत राहिली तर ही हिवाळा काढणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. प्रुइटला मागता येईल असं कोरडं घर एकच, लेफ्टनंट टॉलिव्हरचं. नाहीतर मग कोपऱ्यातली, मातीच्या ढेकळांनी रचलेली गळकी खोली, कुणालाच नको असलेली.

तो तडक टॉलिव्हरकडे गेला. दार टॉलिव्हरच्या बायकोने, कोराने उघडलं. तिचे दिवस भरत आले होते. मागे पेट्या बांधून तयार.

“लूमिससाहेब आल्याचं कळलं, तेव्हाच आवरायला घेतलं,” ती म्हणाली. “शेगडी पेटती ठेवलीय हं. तुमच्या बाईंना छातीचा त्रास आहे ना.”

प्रुइटला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पेट्या सोडा,” तो म्हणाला. “मी आपला सहज चौकशीला आलो होतो.”

घरी जायचा धीर होईना. कवायतीच्या मैदानाला वळसे घालून तो परतला.

“कुठलं घर?” लॅव्हिनियाने विचारलं.

“ढेकळांचं. पण तू म्हण फक्त, आत्ता जातो आणि टॉलिव्हरला उठवतो.”

ती उठून खिडकीपाशी गेली.

“आणि ते पोर कुठे जन्मेल? त्या चिखलात? शहाणाच आहेस! तो पडदा काढ आधी.”

दर बदलीत नव्या खिडकीच्या मापाने तिने तो पडदा कापला होता, जोडला होता. ढेकळांच्या खोलीला खिडकीच नव्हती. तिने भिंती चाचपल्या आणि त्यातल्या त्यात कोरड्या भिंतीवर तो ठोकला.

प्रुइट खाटेच्या कडेला बसून तिचा खोकला ऐकत होता. त्या संध्याकाळी तो एकदाही उठला नाही.