भिंगरीला न येणारा धडा

गुरुजींनी उभा जन्म पोरांना शिकवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरात आता शिकवण्यासारखं कुणी उरलेलं नाही. बायकोला सगळं येतच होतं. म्हणून परदेशातल्या एका बालगृहाला सहा महिने बिनपगारी शिकवायला माणूस हवा आहे असं कळताच त्यांनी नाव दिलं, तिथली भाषा नेटाने शिकून घेतली आणि बॅग भरली.

"अहो, ती पोरं आधीच घाबरलेली असतात," निघताना बायको म्हणाली. "तुमचा तो वर्गातला आवाज इथेच ठेवून जा."

"मग शिकवू कशाने?"

"कानांनी शिकवा. आजवर तेवढेच वापरायचे राहिलेत."

बालगृह म्हणजे दुमजली इमारत. वर झोपायच्या दोन लांब खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली, मागे धुण्याची खोली आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. मुलांपैकी कुणाला आईबाप नव्हते, कुणाला असून नसल्यासारखे. हा सगळा गाडा एक अधीक्षिका ओढत होत्या. त्यांना लहानथोर सगळे ताई म्हणत. गुरुजींचं व्याकरण पक्कं होतं, पण उच्चार असे की ते बोलायला लागले की ताई खिडकीबाहेर बघत हसू गिळायच्या.

पहिल्या दिवशी गुरुजींनी मणी मांडले आणि एक ते दहा मोजायला शिकवलं. पोरं सहावर अडखळली, आठ गाळून नवावर गेली, आणि शेवटी दहा बरोबर आल्यावर त्यांनी अशा टाळ्या पिटल्या की गुरुजींचे डोळे भरून आले. सगळ्यात जास्त चुकली ती एक अकरा वर्षांची मुलगी. एका जागी क्षणभर बसायची नाही. गुरुजींनी तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि दोन दिवसांत ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आठवडाभर असंच चाललं. रोज थोडं यायचं, रोज टाळ्या. रात्री फोनवर गुरुजी बायकोला सांगत, "पोरं कच्ची आहेत, पण माझ्या हाताला यश आहे."

मग एका दुपारी ते आपला सदरा दोरीवर घालायला मागे गेले. वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे भिंगरी नुकत्याच आलेल्या एका छोटीला शिकवत होती.

"पाच लगेच सांगायचे नाहीत. आधी चार म्हणायचं. मग ते बोटं धरून दाखवतात. मग पाच म्हणायचं, आणि डोळे असे मोठे करायचे."

"पण मला वीसपर्यंत येतं," छोटी म्हणाली.

"मला हजारापर्यंत येतं. म्हणून काय सांगत सुटायचं? इतक्या लांबून आलेत बिचारे. पहिल्याच दिवशी सगळं आलं तर उद्या काय शिकवतील?"

गुरुजी ओला सदरा हातात घेऊन तसेच उभे राहिले. कोपरापर्यंत पाणी ओघळलं तरी त्यांना पत्ता नव्हता. पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली, आणि मग त्यांना इतकं हसू फुटलं की चादर हलली आणि भिंगरीने ती बाजूला सारली.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"सगळं. माझ्याआधी किती जणांनी तुला दहापर्यंत शिकवलं?"

तिने बोटं मोजायला घेतली, दोन्ही हात संपल्यावर सोडून दिलं. "खूप जण. कुणी दोन आठवडे, कुणी तीन. प्रत्येक जण एकपासून सुरू करतो. जायची वेळ झाली की रडतात, फोटो काढतात. मग नवा येतो, तो पुन्हा एकपासून. दुसरा धडा कुणी आणतच नाही." जराशाने तिने विचारलं, "तुम्ही कधी जाणार?"

"सहा महिन्यांनी. खोटं कशाला सांगू?"

"सहा महिन्यांत किती धडे होतात?"

गुरुजींना आजवर कुठल्याही तपासनीसाने इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. "तू चुकायचं सोडलंस तर पुष्कळ," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते ताईंकडे गेले. ताईंना आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. गावातली शाळा बालगृहाच्या मुलांना कच्ची समजून पहिलीत बसवायची, वय काहीही असो. मोठी मुलं सहा वर्षांच्या पोरांत बसायची, चिडवली जायची, आणि महिन्याभरात शाळा सोडायची. भिंगरीची पाळी या वर्षी होती. "मुख्याध्यापिका एकदा परीक्षा घेतात," ताई म्हणाल्या. "त्यात जमलं तर वयाच्या वर्गात, नाहीतर पहिलीत. आमचं अजून कुणाचं जमलेलं नाही."

"का जमलं नसेल ते मला आता कळतंय," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मणी कपाटात गेले. भिंगरीला पाढे पाठ होते, पण भागाकारात बाकी उरली की ती चिडायची. आणि अपूर्णांक हे नावसुद्धा तिने ऐकलं नव्हतं. गुरुजी ते शिकवायला तिला धुण्याच्या खोलीत घेऊन गेले. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन यांच्या. एक घडी, अर्धी. आणखी एक, पाव. आणखी एक, अष्टमांश. ढिगारा संपेपर्यंत बेरजा व्हायच्या. स्वयंपाकीण म्हणायची, "या पोरीमुळे आमच्या चादरींच्या कधी नव्हत्या इतक्या नीट घड्या व्हायला लागल्यात." वाचन मात्र रडतखडत चाललं. मोठं वाक्य आलं की भिंगरी उठून पळायची. गुरुजी आवाज न चढवता पुस्तक तिच्याकडे उघडं धरून तिथेच बसून राहायचे, आणि ती दाराआडून डोकावून पुढची ओळ वाचायची.

परीक्षेच्या दिवशी ताई, गुरुजी आणि भिंगरी शाळेत गेले. मुख्याध्यापिका करड्या केसांच्या, नाकावर चष्मा. त्यांनी गुरुजींना आधीच बजावलं, "तुम्ही मध्ये बोलायचं नाही." मग भिंगरीकडे वळून त्या प्रेमाने हसल्या. "सात आणि पाच किती, बाळ?"

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. तीसुद्धा गोड हसली. बोटं काढली, मोजली, आणि म्हणाली, "अकरा?"



"नाही गं. बघ हं," मुख्याध्यापिकांनी पेन्सिली मांडून दाखवल्या.

"बारा," भिंगरी म्हणाली, आणि तिने डोळे मोठे केले.

मुख्याध्यापिकांनी ताईंकडे पाहून मान हलवली आणि पहिलीचं पुस्तक पुढे ओढलं. ताईंनी डोळे मिटले. गुरुजींना सगळं कळत होतं: पोरगी घाबरली नव्हती, पाहुणचार करत होती. समोर नवा माणूस आला, त्याला बरं वाटलं पाहिजे. पण बोलायची बंदी. त्यांनी घसा खाकरला.

"बाई, मी मुलीशी एक अक्षर बोलत नाही. तुम्हालाच विचारतो. किती वर्षं आहात या शाळेत?"

"एकोणीस. त्याचं इथे काय?"

"आणि पुढे?"

"पुढे कुठे जाणार? घर मागच्याच गल्लीत आहे माझं."

भिंगरीचं हसू गेलं. ती खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे तुम्ही उद्या असाल?"

"उद्या, परवा, रोज असते मी इथे. सुट्टीतसुद्धा झाडांना पाणी घालायला मीच येते."

"मग मला येतं," भिंगरी म्हणाली. "सात आणि पाच बारा. तुम्हाला शिकवायला आवडेल असं वाटलं म्हणून चुकले."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पहिलीचं पुस्तक बाजूला ठेवून चौथीचं उघडलं. "एकशे सत्त्याण्णव भागिले सहा."

"बत्तीस. बाकी पाच."

"पाऊण आणि अष्टमांश मिळून किती?"

भिंगरीचे हात हवेत उठले, चादर धरल्यासारखे. "सात अष्टमांश. पूर्ण व्हायला एक अष्टमांश कमी."

मग वाचन. मोठ्या वाक्याला ती उठली, गुरुजींनी दाराकडे पाहिलं. पण तिने उभ्यानेच, पायावर पाय घासत, अख्खं पान वाचून काढलं आणि पुन्हा बसली. मुख्याध्यापिकांना आता परीक्षकाचं भान राहिलं नव्हतं. त्या पानामागून पान उलटत गेल्या आणि भिंगरी उत्तरामागून उत्तर देत गेली, शेवटी त्यांनी पाचवीचं पुस्तक उघडेपर्यंत. तिथे ती थांबली.

"हा आकड्यांच्या मधे ठिपका कशाला?"

"तूच सांग."

"येत नाही."

मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. "खरंच येत नाही, की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच नाही येत. कुणी शिकवलंच नाही."

"छान," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्या पानात खूण घातली. "सोमवारी पाचवीत इथूनच सुरुवात करू."

 गुरुजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि बाहेरची झाडं नीट दिसेनात तरी बघत राहिले. वळून पाहतात तो भिंगरी जागेवर नाही.

ती पाचवीच्या रिकाम्या वर्गात सापडली. सगळे बाक बसून बघून झाले होते. पुढून दुसऱ्या बाकावर ती बसली होती, पाय जमिनीला टेकवून, अगदी स्थिर.

"हा माझा," ती म्हणाली. "बाईंना सांगा, इथे कुणाला बसवू नका."