फुकटचा उजेड

आमच्या घरात बल्ब एकच होता आणि त्याचं बटण सासूबाईंच्या ताब्यात होतं. दिवस मावळला तरी त्या बटणाकडे बघायच्या नाहीत. खिडकीतून येतो तो उजेड पुरता संपल्याशिवाय विकतचा लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. "फुकटचा आहे तो आधी संपवा," म्हणायच्या. जणू उजेड म्हणजे सकाळचा उरलेला भात.

मग पाऊण तास आम्ही चौघं तशीच बसून राहायचो. सासूबाई, माझा नवरा, धाकटी नणंद आणि मी. त्या वेळात कुठलंच काम जमायचं नाही. सुईत दोरा जायचा नाही, तांदळातला खडा दिसायचा नाही, इस्त्री धरावी तर कपडा करपायची भीती. म्हणून भिंतीला पाठ टेकून पाय पसरायचे. खिडकीबाहेर दोरीवरच्या चादरी आधी निळ्या व्हायच्या, मग राखाडी, मग रंग जाऊन नुसत्या हलत राहायच्या. कोणाचं तोंड कोणाला दिसायचं नाही. आवाजसुद्धा आपोआप खाली यायचे. मला वाटायचं, आपण चौघं एका मोठ्या टाकीच्या तळाशी बसलोय, आणि वर कोणीतरी अजून कपडे खळबळतंय.

कपडे हाच आमचा धंदा. स्टेशनामागच्या लॉजचं धुणं आमच्याकडे असायचं. चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे. मी आणि नणंद धुवायचो, नवरा इस्त्री करायचा, सासूबाई घड्या घालायच्या. त्यांच्या हातची घडी अशी की चार चादरी एकावर एक ठेवल्या तर एकच जाड चादर वाटावी. घरातही सगळं असंच घडी घालून चालायचं. साबणाचे उरलेले तुकडे दाबून नवी वडी. इस्त्रीतले कोळसे विझत आले की तिच्यावर फडकं टाकून सासूबाईंचे गुडघे शेकायचे, मगच ती कोपऱ्यात जायची. आठवड्याला एक अंडं यायचं आणि ते कोणी खायचं यावर भांडण व्हायचं, पण उलटं. जो तो म्हणायचा, मी धडधाकट आहे, दुसऱ्याला द्या. शेवटी सासूबाई ज्याच्याकडे बोट दाखवतील त्याने मुकाट्याने खायचं.

नणंदेला घरात मिरी म्हणायचे. अंगाने मिऱ्याएवढी आणि जिभेने तशीच. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. पहिल्या रात्रीच माझ्या शेजारी येऊन झोपली आणि माझा अंगठा मुठीत धरून म्हणाली, "वहिनी, तू घोरतेस का? आई घोरते." तेव्हापासून ती माझीच. सातवीपर्यंत शिकली ती एकटी. आम्ही बाकीचे तिघं अंगठेबहाद्दर.

एका संध्याकाळी त्या फुकटच्या उजेडात ती म्हणाली, "मला बोलावलंय."

"कोणी?" ह्यांनी विचारलं.

"नर्सिंगच्या शाळेने. दोन वर्षं. राहणं-खाणं त्यांचंच. एक तारखेला हजर व्हायचंय." आणि लगेच पुढे म्हणाली, "पण मी जात नाहीये. उगीच सांगितलं."

"उगीच सांगायला तू रेडिओ आहेस का?" सासूबाई म्हणाल्या. "जात का नाहीस?"

"मग लॉजवर यादी कोण लिहिणार?"

लॉजचे नवे स्टोअरवाले काका फार काटेकोर होते. गठ्ठा काउंटरवर ठेवायचा, त्यांच्यासमोर मोजायचा आणि किती काय ते तिथल्या तिथे लिहून द्यायचं. आधी आमचे हे गाठी मारलेली दोरी न्यायचे, तेवढ्यावर भागायचं. काकांनी ती दोरी दोन बोटांत धरून परत दिली होती. लिहिणारं माणूस आणा, नाहीतर आम्ही मशीनच्या लाँड्रीत देतो, असं स्पष्ट सांगितलं होतं. लॉज गेलं की आमच्या चार ताटांतली तीन गेली.

"मी शिकलो असतो," हे म्हणाले, "पण माझं डोकं इस्त्रीसारखं. तापतं लवकर, आत नुसते कोळसे."

"वहिनी शिकेल," मिरी म्हणाली.

"मी?"

"घडी न उलगडता फाटकी चादर ओळखतेस तू. अक्षरं काय जड आहेत? चार शब्द आणि दहा आकडे. तेवढ्यावर माझी नर्स होते."

अंधारात माझ्याकडे तीन माणसं बघत होती, ते न दिसता कळत होतं. मी म्हटलं, "शिकते." तिला जायला मिळावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि तिने जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं. ते मात्र मी त्या उजेडातही बोलले नाही.

हातात तीन आठवडे होते. दिवसभर आमचे हात पाण्यात, आणि बल्ब लागला की स्वयंपाक, घड्या, मोजणी. रिकामा असा तो पाऊण तासच. पण त्या वेळी लिहिलेलं दिसणार कसं? मिरी म्हणाली, "दिसायला कशाला हवं? हात दे."

आम्ही समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. मी तळहात उघडा ठेवला आणि तिने त्यावर बोटाने अक्षर काढलं. दिवसभर सोड्याच्या पाण्यात राहून माझ्या तळव्याची कातडी इतकी नरम व्हायची की बारीकसा केससुद्धा कळायचा. तिचं नख कुठून निघालं, कुठे वळलं, कुठे थांबलं, सगळं आत उमटायचं. अक्षर काढून झालं की ती माझ्या मनगटापाशी एक आडवी रेघ ओढायची. मला ती जमीन वाटायची. त्या जमिनीवर अक्षरं उभी. टॉवेलचा ट म्हणजे पाठ वाकवून बसलेली बाई. पडद्याचा प म्हणजे दार उघडं टाकून गेलेलं घर.

"आता तू काढ," ती म्हणायची, आणि मी माझ्याच मांडीवर काढायचे. ती माझ्या बोटावर तिचं बोट ठेवून तपासायची. "हं. अगं, चादरीचा च आहे हा, चमच्याचा नव्हे!"

"दोन्ही एकच ना?"

"तुला कळतंय तर! मी तुला फसवत होते."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणायच्या, "हसू नका, शिका. हसणं फुकट आहे म्हणून पाऊण तास हसायचं का?" आणि त्या तीन आठवड्यांतली तिन्ही अंडी त्यांनी मला खायला लावली. "डोकं चालवायचंय तिला," म्हणाल्या. हे म्हणाले, "एवढी अंडी खाऊन आता ती आरवेल."

मला स्वप्नं पडायला लागली. मी गच्चीवर कपडे वाळत घालतेय आणि प्रत्येक कपडा दोरीवर टाकला की त्याचं अक्षर होतंय. बाह्या वळतात, नाड्या लोंबतात, वारा आला की अख्खी ओळ काहीतरी म्हणते आणि मला ते कळता कळता राहतं. सकाळी उठले की तळवा खाजायचा. धुताना फेसात आकडे दिसायचे. एकदा निळीच्या पाण्यात सात तरंगताना दिसला. मी कितीतरी वेळ हात न घालता बघत बसले होते.

कागदावर मात्र मी एकदाही लिहिलं नाही. यादीचा कागद लॉजचा, पेन्सिलही लॉजची, काउंटरला सुतळीने बांधलेली. घरात कागदही नव्हता आणि पेन्सिलही. दुकानांवरच्या पाट्या वाचून बघाव्यात म्हणून मी रस्त्यात थांबायचे, पण त्यांतलं एकही अक्षर ओळखीचं निघायचं नाही. मी समजूत करून घेतली, छापायची अक्षरं वेगळी असतील आणि हाताची वेगळी. विचारायची लाज वाटली. विचारलं असतं तर काय झालं असतं, हे आजही माझ्या मनात येतं.

एक तारखेला पाच दिवस उरले तेव्हा आम्ही लॉजवर गेलो. मिरी दारापाशीच थांबली. "मी आत आले की तू माझ्याकडे बघशील," म्हणाली.

काउंटर माझ्या छातीएवढं. पलीकडे काका, चष्मा कपाळावर. मी गठ्ठा सोडला, मोजला. काकांनी कागद सरकवला. सुतळीची पेन्सिल हातात घेतली आणि बाकीचं सगळं दूर गेलं. पंख्याचा आवाज दूर गेला, काउंटर दूर गेलं. माझा तळवाच कागद झाला. मी उजवीकडून सुरुवात केली, जशी मिरीच्या बोटाची चाल होती, आणि एकेक अक्षर त्याच्या जमिनीवर उभं करत गेले. चादर, पुढे आकडा. टॉवेल, पुढे आकडा. घाम कागदावर पडू नये म्हणून मान मागे धरली होती.

लिहून झालं. काका कागदाकडे बघत राहिले.

"अरे वा," ते म्हणाले. "बाई, हे कुठे शिकलात?"

"घरीच."

"ती आधीची मुलगी लिहायची ते मला दरवेळी फिरवून घ्यावं लागायचं. तुम्ही तर सरळ माझ्या बाजूने लिहिलंत! काउंटरवर बसून माझं निम्मं आयुष्य गेलं, असा कारकून पाहिला नाही. फक्त चादरी खाली आणि पडदे वर आलेत, तेवढं चालेल." त्यांनी चष्मा खाली ओढला, मोजून पाहिलं आणि सही केली.

मला त्यातलं काही समजलं नाही. सही झाली एवढं समजलं. मी मिरीला हाक मारली. ती आली, कागद पाहिला, मग मला पाहिलं, आणि तोंडात ओढणी कोंबून बाहेर पळाली. मी मागे गेले तर भिंतीला धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय झालं? चुकलं?"

"वहिनी, तू सगळं उलटं लिहिलंयस! डोकं खाली, पाय वर! मी समोर बसून शिकवलं ना? मला सुलटं ते तुला उलटं." तिने माझे खांदे धरून मला समोरच्या पाटीकडे वळवलं. "आता मान अशी वाकडी कर. अजून. अजून."

मी कमरेत वाकून, मान पार खाली घालून पाटीकडे पाहिलं. लोक बघत होते. आणि ती पाटी हळूच ओळखीची झाली. गल्लीतली सगळी दुकानं एकेक करून बोलायला लागली. माझी अक्षरं जमिनीवर उभी होती, जगाची अक्षरं दोरीवर वाळत टाकलेली होती. तेवढाच काय तो फरक.

"सुलटं शिकायला आता वेळ नाही," मिरी डोळे पुसत म्हणाली. "असूच दे. काकांना आवडलंय."

घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे आपल्या घरात आता दीड माणूस शिकलेलं." सासूबाई उठल्या आणि मिरीच्या दोन जोड कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या, अजून चार दिवस होते तरी.

ते चार दिवस मिरी वेड्यासारखी धूत राहिली. ती गेल्यावर मला आठवडाभर तरी ओझं पडू नये म्हणून. निघायच्या दुपारी तिच्या बोटांची कातडी सोलली होती. हे लॉजच्या इस्त्रीला अडकले, सासूबाईंना जिना उतरवत नव्हता. स्टँडवर आम्ही दोघीच गेलो. बाकड्यावर बसलो तशी तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "बस आली की उठव," म्हणाली, आणि तेवढ्यात झोपलीसुद्धा.

ऊन पत्र्यावरून खाली टपकत होतं. धूळ सोनेरी होऊन हवेत नुसतीच थांबली होती. कर्ण्यातून कोणीतरी काहीतरी सांगत होतं, शब्द विरघळून यायचे. बसा येत होत्या, जात होत्या. मी मान वाकडी करून त्यांच्या पाट्या बघत होते. तिच्या शाळेच्या गावाच्या नावात मधोमध टॉवेलचा ट होता, एवढं तिने मला सांगून ठेवलं होतं. ट नसलेल्या पाच बसा गेल्या. खांद्यावर तिचा श्वास गरम लागत होता, आठ वर्षांच्या मुलीचा लागायचा तसाच.

मग एक बस आली. मी मान वाकडी केली. मधोमध पाठ वाकवून बसलेली बाई. सगळी अक्षरं एकेक करून लावली. पुन्हा लावली. तीच.

पुढची बस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती आणि शाळेत दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. मिरी गाढ झोपली होती. सगळ्या स्टँडवर मला ओळखणारं कोणी नव्हतं. मी नुसती बसून राहिले असते तरी कोणी मला बोल लावला नसता. उलटं वाचणारी बाई, तिला काय कळणार, असंच म्हणाले असते. मिरीसुद्धा म्हणाली असती. हसली असती, आणि संध्याकाळी आम्ही परत चौघं भिंतीला टेकून बसलो असतो.

माणसं चढली. कंडक्टरने पत्र्यावर एकदा थाप मारली. इंजिनाचा आवाज बदलला.

"मिरे," मी म्हटलं. मी तिचा खांदा हलवला. "मिरे, ऊठ. आली तुझी बस."

ती दचकून उठली, पिशवी छातीशी धरली. "हीच?"

"हीच. वाचली मी."

तिने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. धावत जाऊन चढली.