धुऱ्यापलीकडचं पाणी

घर घेताना माणूस काय काय पाहतो? नळाला पाणी येतं का, भिंतीला भेग आहे का, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला. खुशालरावांनी हे सगळं पाहिलं, ठोकून-वाजवून पाहिलं. पण पाहिलं भर उन्हाळ्यात. उन्हाळ्यात काळ्या मातीचं अंगण म्हणजे दगड. तेच अंगण पावसाळ्यात काय रंग दाखवतं, हे ज्याची उभी हयात दर्यापूरकडच्या रानात गेली त्याला कळू नये? पण नाही कळलं. घर पाहताना माणूस शेतकरी राहतच नाही, गिऱ्हाईक होतो.

तर आषाढ लागला अन् अमरावतीत, कठोऱ्याकडच्या एका ले-आउटमध्ये, खुशालरावांचं नव्यानं घेतलेलं घर तळ्यात उभं राहिलं. पुढचा सिमेंटचा रस्ता अंगणापेक्षा वीतभर उंच. रस्त्याचं पाणी फाटकातून आत, छताचं पाणी पाइपातून आत, अन् बाहेर जायचं नाव नाही. चप्पल गाऱ्यात रुतून बसायची, पाय तेवढा वर यायचा.

बायको वच्छला ओट्यावर उभी राहून हे पाहायची. गाव सोडायला ती मुळात राजीच नव्हती. मुलगा कुलदीप नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला, मेसचं खाऊन खाऊन वाळला, म्हणून खुशालरावांनी शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं अन् हट्टानं हे घर घेतलं. आता तिनं शांतपणे सांगून टाकलं, "पोळ्यापरेंत पाह्यतो. हे असंच राह्यलं तं मी आपली गावाले चालली. तुमी रहा तळ्याच्या काठी."

वच्छलेचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती गेली तर आपल्यालाही इथं करमायचं नाही, हे खुशालरावांना पक्कं ठाऊक होतं. तसं बोलून दाखवतील तर ते खुशालराव कसले? ते एवढंच म्हणाले, "करतो ना मी. पानी काय मी आज पाह्यलं का?"

अन् आयुष्यभर करत आले तेच त्यांनी केलं. फावडं घेतलं अन् फाटकाच्या आत चांगला चोपून आडवा बांध घातला. तिकडे खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट. आभाळातून पडेल तेवढंच गोड. ते शेताबाहेर जाऊ द्यायचं नाही, अडवायचं, हे त्यांच्या हातांना डोक्याआधी ठाऊक. रात्रभर पाऊस झाला. सकाळी पाहतात तर रस्त्याचं पाणी बाहेरच्या बाहेर, एकदम झकास. पण छताचं सगळं पाणी आत, अन् आधी तळं भरल्यावर फाटकातून जे थोडंफार ओसंडून जायचं तेही बंद. तळं पायरीला टेकलं होतं.

"बांध मस्त झाला," वच्छला म्हणाली. "आता शिंगाडे टाका."

सुटीच्या दिवशी कुलदीपनं पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक बापाच्या हाती, एक आपल्या, असं करून चारी कोपऱ्यांची पातळी पाहिली. सगळ्यात खोल निघाला मागचा कोपरा, नेमका शेजारच्या श्रावणभाऊंच्या भिंतीला लागलेला. त्यांच्या घरामागून नाला जात होता.

"सोपं हाय बाबा," कुलदीप म्हणाला. "भिंतीले भोक पाडून पाइप टाकू. विचारू का मी काकाले?"

"खबरदार," खुशालराव म्हणाले.

त्याला कारण होतं. गावी त्यांच्या शेताचं पाणी एकदा धुरा, म्हणजे शिवेवरचा बांध, फोडून चुलतभाऊ नत्थुजीच्या सोयाबीनमध्ये घुसलं होतं. आपोआप घुसलं होतं, पण नत्थुजीला हे कोणी सांगावं? प्रकरण तहसीलपर्यंत गेलं. तेव्हापासून लग्नाकार्यात दोघं एका पंगतीला बसत नव्हते. दुसऱ्याच्या हद्दीत आपलं पाणी सोडणं म्हणजे वैर पेरणं, ही गाठ खुशालरावांनी मनाशी बांधली होती. म्हणून नव्या गल्लीत त्यांनी कोणाशी नमस्कारापलीकडे बोलणंच ठेवलं नाही. वच्छलेलाही तेच बजावलं. ओळखच नको, म्हणजे भांडणही नको. मोठे शहाणे.

मग त्यांनी गावाहून शेतातला मोटारपंप आणवला. पंप अंगणात, पाइप फाटकावरून रस्त्यावर. पाणी धो धो बाहेर पडू लागलं अन् खुशालराव मिशीवर हात फिरवत उभे राहिले. अर्ध्या तासात फाटक वाजलं. श्रावणभाऊ. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, मागे त्यांच्या पत्नी जाईबाई.

"खुशालभाऊ," ते म्हणाले, "तुमचं पानी आमच्या घरी आलं."

खुशालरावांच्या मनात आलं, झालं, हा दुसरा नत्थुजी. त्यांनी धावत जाऊन पंप बंद केला. "चुकलं भाऊ. ध्यानातच नाई आलं."

"आलं त आलं. पन पुढच्या दारानं काहून पाठवता? मागून पाठवा ना." श्रावणभाऊ ओट्यावर टेकले. "मागं बोअरपाशी पानी जिरवाले मी खड्डा करून ठेवला हाय, पार मुरूम लागेपरेंत. गिट्टी टाकली, रेती टाकली. माह्या टिनाच्या छताचं पानी त्याले पुरत नाई, होळी आली की बोअर आटते. तुमचं छत केवढं. जुन्या मालकाले म्हटलं तं तो म्हने भिंत खराब होईल. तुमाले विचारावं म्हटलं, पन तुमी तं बोलतच नाई बापा कोनासंग."

दुसऱ्याच्या पाण्याला आपल्या हद्दीत ये म्हणणारा माणूस खुशालरावांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"अन् खड्डा भरून उरलं तं?" त्यांनी चाचरत विचारलं.

"तं जाईन नाल्यात. नाला काय नाई म्हनते?"

पुढच्या रविवारी भिंतीला भोक पडलं. छताचा पाइप थेट खड्ड्याकडे नेला, अन् अंगणाच्या पाण्याला चारी खोदून वेगळी वाट नाल्यापर्यंत काढली. चारीला ढाळ किती द्यावा यावरून दोघांत सकाळभर वाद, पण असा की दोघांनाही मजा यावी. कुलदीप दोघांच्या मधून घमेली वाहत होता. तिकडे ओट्यावर जाईबाई अंबाडीची भाजी निवडायला येऊन बसल्या. त्या चांदूर बाजारच्या. वच्छलेची मावशीही चांदूर बाजारातच दिलेली. मग काय विचारता, जेवायची वेळ झाली तरी भाजी अर्धीसुद्धा निवडून झाली नव्हती.

त्या आठवड्यात पावसानं चांगलंच झोडपलं. खुशालराव छत्री घेऊन आधी आपल्या अंगणात, मग पलीकडे जाऊन उभे राहिले. पाणी पाइपातून येऊन खड्ड्यात पडत होतं अन् गिट्टीत गडप होत होतं. शेजारी श्रावणभाऊही उभे. खुशालरावांना पिकलेलं रान पाहिल्यावर वाटतं तसं वाटलं. पाऊस उघडला अन् चार दिवसांत अंगण वाफशावर आलं. चप्पल पायात राहू लागली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचा जीव पुन्हा खालीवर झाला. संध्याकाळी वच्छला ओट्यावर बसलेली पाहून त्यांनी विचारलंच, "अंगन कोरडं हाय बरं. मंग, गावाले जानं कॅन्सल ना?"

"अंगनाचं काय घेऊन बसले?" ती म्हणाली. "गावी आपल्या दारात गुडघ्याएवढा गारा राहे. मी कधी काई बोलली का?"

"मंग जातो काहून म्हनत होती?"

"बोलाले कोनी नव्हतं मले. कोनासंग बोलू नको म्हनून तुमीच सांगून ठेवलं, अन् तुमी सोता दिवसभर त्या पान्यासंग बोलून राह्यले होते."

खुशालराव चप्पल काढून तिच्या शेजारी ओट्यावर बसले. म्हणाले, "बरं, आज काय म्हने जाईबाई?"

अन् वच्छला सांगायला लागली.