घरची गोळी

मला एका जागी बसता येत नाही, हा माझा जन्माचा दोष. शफाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना मात्र तोच सोयीचा वाटला. सुभद्राच्या मुरड्यावर त्यांनी अफूच्या अर्काचे थेंब दिले आणि मला, म्हणजे नर्स केसरबाईला, तिच्या घरी पिटाळलं. “नुसतं औषध पाजून परत येऊ नका. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात का, श्वास मंदावतो का, बघत बसा.” बघत बसा म्हणे! नेकनूरच्या त्या घरात दुसऱ्या दिवशीही मी दुपारभर येरझाऱ्या घालत होते.

सुभद्रा ठीक होती. जुलाब थांबले होते, हाक मारली की चटकन ओ देत होती. तिच्या अंगावर पितं लेकरू होतं, म्हणून पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं की हे औषध दुधात उतरतं, ते चालू आहे तोवर बाळाला शेळीचं दूध द्या. सासू रुक्मिणीबाईंनी मान डोलावली होती. मान डोलावण्यात सासवांचा हात कोण धरणार?

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काहीतरी चुकत होतं आणि काय ते उमगत नव्हतं. मी सुभद्राची नाडी पुन्हा पाहिली, डोळे पुन्हा पाहिले. ती वैतागली.

“बाई, मला काई न्हाई झालं. कावून सारखं सारखं बघता?”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. घरात तान्हं पोर, आणि मी आल्यापासून त्याचं रडणं एकदाही ऐकलं नव्हतं.

“बाळ कुठंय?”

“निजलंय,” रुक्मिणीबाई कौतुकानं म्हणाल्या. “सकाळपासनं लई शान्यावानी निजलंय. उठवू नका.”

मी झोळीत हात घातला. अंग ढिलं, ओठ निळसर. पापणी उचलली, तर बाहुली मोहरीहून बारीक. छाती हलली, थांबली, आणि पुढचा श्वास येईना. आला एकदाचा.

“अंगावर पाजलं?” मी ओरडले.

सुभद्रा रडायलाच लागली. “शेळीचं पेईना वो. छाती दगडावानी झालती. पहाटं पाजलं.”

“तेवढ्यानं इतकं होत नाही. आणखी काय दिलंत? कुठलं औषध?”

“औषद कशाला देऊ?” रुक्मिणीबाई दुखावल्या. “लेकरू धडधाकट हाय. नुसती रोजची गोळी दिली.”

“कसली?”

“अफूची. न्हाईतर रानातली कामं कशी व्हायची? चौसाळ्याला सरकारी ठेक्याच्या दुकानात उघड मिळती. समदेच देत्यात. ते काय औषद हाय का?”

बाळाला कुठलं औषध देता का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. ‘न्हाई’ म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या मते ते खरंच होतं. कपाळावर हात मारून घ्यायलाही फुरसत नव्हती. सुभद्राच्या नवऱ्याला, बंकटला, घोडीवरून डॉक्टरांकडे पाठवलं. पोराला उघडं केलं, गार फडक्यानं तोंड पुसलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. श्वास अडला की टिचकी, आला की पुढच्याची वाट.

“मारता कावून त्याला?” रुक्मिणीबाई माझा हात धरायला आल्या.

“निजू दिलं तर श्वास घ्यायचं विसरेल म्हणून!” मी खेकसले.

ऊन ओसरीवरून उतरलं, डॉक्टर अजून यायचेच होते, तेव्हा पोरानं तोंड वाकडं केलं, जरा कुरकुरलं, आणि मग मोठ्यानं रडलं. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं. सुभद्रा हसत होती आणि रडतही होती.

रुक्मिणीबाई मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना सुनवायला माझ्याकडे चांगले खरमरीत शब्द तयार होते.

“बाई,” त्याच आधी म्हणाल्या, “बंकटच्या आधीची माझी दोन अशीच निजली. ओठ असेच निळे झालते. मी म्हनलं, सटवाईनं नेली.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मीच का वो?”

खरं तोंडावर बोलायला मी कधी कुणाच्या बापाला भ्याले नाही. त्या दिवशी भ्याले.

“नाही, मावशी. त्यांचं दुखणं निराळं असेल,” मी म्हणाले, आणि त्यांच्याकडे न बघता पोराच्या तळव्यावर टिचकी मारली. ते परत पेंगायला लागलं होतं.