चव घेणारी आणि जिना

बिस्किटांच्या कारखान्यात चव घेणं हे थोरलीचं काम; आईची मोठी लेक, म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत. नवा माल बाजारात जायच्या आधी तिच्या जिभेवरून जायचा. चावून थुंकायची सोय होती, पण घशाखाली उतरल्याशिवाय तुपकटपणा नीट कळत नाही, म्हणून ती गिळायची. मागच्या खेपेला आठवडाभर क्रीमची बिस्किटं खाल्ली आणि उपाशीपोटीची साखर एकदम वर गेली. पुढे ती उतरली, पण थोरलीच्या मनातली धास्ती काही उतरेना. आईचा पाय साखरेनंच गेला होता.

पुन्हा तसाच आठवडा तोंडावर आला, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसली.

"नोकरी सोडू का?"

"आधी एक करून बघू. तुमचं हृदय तपासलंय, ठणठणीत आहे. रोज थोडा वेळ जीव खाऊन जिना चढायचा. दम घ्यायचा, पुन्हा चढायचं. जोर लावला की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. तुम्हाला किती उपयोग होतो ते तपासणीत कळेल."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. ऐकून म्हणाला, "जन्मभर लोकांना जिन्यापासून वाचवलं, आणि आता माझ्याच घरात हे!" पण संध्याकाळी बूट घालून तोच आधी दारात उभा.

पहिल्याच दिवशी ती मधल्या मजल्यावर फतकल मारून बसली.

"अहो, मेले मी!"

"मेलेली माणसं एवढी ओरडत नाहीत. ऊठ."

समोरचं दार उघडलं. शेजारीण घाबरून म्हणाली, "आग लागली की काय?" तिघंही हसत सुटली आणि थोरली हसता हसता उठली. दिवसा बिस्किटं, संध्याकाळी जिना. पोटऱ्या भरून यायच्या, छाती भात्यासारखी हलायची, पण तिनं एकही दिवस चुकवला नाही.

आठवडा संपल्यावर रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला.

"वजन थोडं वाढलंय. साखर मात्र जागच्या जागी आहे. म्हणून हवं तेवढं खायला मोकळ्या झालात असं समजू नका हं."

"नाही, नाही," थोरली म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

बाहेर येऊन तिनं आईला फोन लावला. "आई, वाढली नाही गं!"

पलीकडे आईनं नाक ओढलं.

"सुटले बाई," ती म्हणाली. "तुझ्याहून मीच जास्त घाबरले होते."