तोंड मिटून बसलेली टाकी

खरं तर मी हे सांगायला नको. तोंड बंद ठेवणं हेच माझं काम आहे आणि आजवर ते मी चोख केलंय. पण आज मला न्यायला गाडी येणार आहे. दुकानाच्या पायरीवर मी एकटीच उभी आहे, म्हणून म्हटलं थोडं बोलून घ्यावं. घाबरू नका, माझा व्हॉल्व्ह बंदच आहे. हे सगळं मी मनातल्या मनात बोलतेय.

मी गॅसची टाकी. करडं अंग, पिवळी मान. स्वयंपाकाच्या गॅसची नव्हे हं, तशी चूक पुष्कळ जण करतात. जुने फ्रीज आणि कोल्ड रूम ज्या गॅसवर चालतात, तो दुरुस्तीच्या वेळी बाहेर काढून माझ्या पोटात भरतात. हा गॅस हवेत सुटला की वर वर जातो. सूर्याचे कडक किरण अडवणारा ओझोनचा थर तिथे असतो, त्याला तो कुरतडतो. म्हणून तो कुणाला नको असला, तरी टाकून देता येत नाही. सांभाळावा लागतो.

मला या दुकानात ताईनं आणलं. फ्रीज दुरुस्तीचं हे दुकान तिच्या काकांनी काढलं आणि आता ते ती चालवते. काका रोज येऊन खुर्चीत बसतात आणि प्रत्येक कामात नाक खुपसतात. माझं गोल पोट बघून पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ही कोण ठमी आणलीस?" तेव्हापासून माझं नाव ठमी.

काकांना मी आवडले नव्हते. त्यांच्या काळी नळी कापायची, फुस्स आवाज ऐकायचा आणि कामाला लागायचं. ताई मात्र आधी मला बर्फाच्या पाण्यात बसवायची. टाकी गार असली की गॅस तिच्यात लवकर येतो. काका म्हणायचे, "आंघोळ झाली का महाराणींची? मग करा सुरुवात." तरी पाणी कोमट झालं की बर्फ तेच आणून टाकायचे.

एक गोष्ट मला फार आवडायची. ताई मला कधी गळ्यापर्यंत भरायची नाही. उन्हात गॅस फुगतो, म्हणून पोटात थोडी जागा ठेवायचीच. मला वजनकाट्यावर उभं करायची आणि ठरल्या आकड्यावर थांबायची. माणसांना हे जेवताना जमत नाही, असं मी दुकानात दुपारी पाहिलंय.

मग एकदा घोटाळा झाला. एका आजींचा फ्रीज आला. तो जुना दिसतो म्हणून आजींनी त्याला हौसेनं निळा रंग दिला होता आणि त्या भरात मागच्या पाटीवरही ब्रश फिरवला होता. आत कोणता गॅस आहे ते त्या पाटीवरच लिहिलेलं असतं. काका म्हणाले, "अगं, या कंपनीच्या फ्रीजमध्ये नेहमी ठमीतलाच गॅस असतो. भर बिनधास्त." ताईनं भरला. गॅस दुसराच निघाला. माझ्या पोटात दोन गॅस मिसळले.

एकच गॅस असता तर तो साफ करून पुन्हा वापरता आला असता. मिसळलेला कुणाच्याच कामाचा नाही. तो मोठ्या भट्टीत जाळावा लागतो. भट्टी लांब आहे, आणि बऱ्याच दुकानांच्या टाक्या साठल्या की मगच गाडी येते. मी कोपऱ्यात गेले. माझ्या मानेवर ताईची टोपी लटकायची आणि डोक्यावर मांजर झोपायचं. त्या मांजराचे मी आभार मानते. बिनकामाच्या माझ्यावर तेवढा त्याचाच विश्वास होता.

यंदाच्या कडक उन्हाळ्यात दूधकेंद्राची कोल्ड रूम बंद पडली. आतल्या नळीला भोक पडलं होतं आणि थोडा थोडा गॅस गळत होता. नळी जोडायची तर यंत्रातला उरलेला सगळा गॅस आधी काढायला हवा. दुकानातल्या बाकीच्या टाक्या भरलेल्या होत्या. माझ्यात जरा तरी जागा असेल या आशेनं ताईनं मला गाडीत घातलं. काकाही मागच्या सीटवर चढून बसले. तिथे तिनं मला काट्यावर ठेवलं. काटा ठरल्या आकड्यालाच टेकला.

केंद्राच्या मॅनेजरबाई पदरानं घाम पुसत होत्या. "ताई, आसपासच्या सगळ्या घरांचं दूध आहे हो आत. संध्याकाळपर्यंत नासेल. लोकांना काय तोंड दाखवू?"

"टाकी भरलीये."

"मग करा रिकामी! नाहीतरी फेकायचाच गॅस ना तो? एवढं मोठं आभाळ, एवढ्याशा टाकीनं काय होतंय त्याला?"

ताईनं पाना घेतला. माझ्या व्हॉल्व्हवर तिचा हात आला. मला दूध दिसत होतं. कॅनला कान लावून उभ्या असलेल्या मॅनेजरबाईही दिसत होत्या, जणू दूध नासताना त्यांना ऐकू येणार होतं. मला राग नाही आला ताईचा. त्या जागी कुणाचाही हात व्हॉल्व्हवर गेला असता.

"थांब," काका म्हणाले. मग बाईंकडे वळले. "एवढ्याशानं काय होतंय, हे मी रोज म्हणायचो, बाई. रोज एवढंसं. पोरी, या यंत्राच्याच टाकीत भर की."

कोल्ड रूमच्या यंत्राला स्वतःची एक छोटी टाकी असते. तिच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र चालू ठेवलं, की ते नळ्यांमधला गॅस ओढून आपल्याच टाकीत भरतं.

"माहीत आहे, काका. पण तो व्हॉल्व्ह जाम झालाय. गेल्या खेपेला मी जोर लावून पाहिला."

"जोर कशाला लावतेस, पैलवान आहेस? मागचा नट आधी सैल कर, मग फिरव. आमच्या वेळी गॅस मिळायचाच नाही. टंचाई आली की आम्ही असाच जपायचो."

"आणि टंचाई संपली की?"

"फुस्स," काका खाली बघून म्हणाले.

ताईनं माझ्यावरचा पाना काढला आणि तो नट सैल केला. व्हॉल्व्ह कुरकुरला आणि फिरला. यंत्र घरघरत राहिलं, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली खाली आला. मग तिनं नळी जोडली. दुपार कलता कलता कोल्ड रूमच्या दारातून थंड वाफ बाहेर आली. मॅनेजरबाईंनी दोघांना पेलाभर गार दूध दिलं. काकांनी आपला पेला माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "ठमे, जरा सांभाळ." कितीतरी दिवसांनी मला कुणी काम सांगितलं होतं.

आज सकाळी ताईनं माझ्या तोंडाला साबणाचा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही. "शहाणी गं," ती म्हणाली. कुठे जाताना माणसं एकमेकांना रिकाम्या हातानं येऊ नकोस म्हणतात. काकांनी मात्र माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाले, "रिकामी होऊन ये, ठमे. बर्फ तयार ठेवतो."

बघा, वळणावर गाडीचा आवाज आला. तुम्हाला एवढंच सांगते, घरचा जुना फ्रीज भंगारात देण्याआधी एखाद्या ताईला गॅस काढून घ्यायला बोलवा. आणि माझ्या ताईला सांगा, त्या दिवशी तिनं माझ्यावरचा पाना काढला, तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं की मी नुसती कोपऱ्यात पडलेली नव्हते, मी तर इतके दिवस ते एवढं मोठं आभाळ…

"ठमे, चल गं! गाडी आली!"