सोळाची ओळ

अण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल सगळ्यात उजेडाचं. थोरली लेक तिथे कित्येक वर्षं बसत आली होती. मग धाकटी शिकून परत आली आणि पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "थोरले, जरा सरक. तिचे डोळे नाजूक आहेत." थोरली सरकली. पोटात जे दुखायला लागलं, ते मात्र जागचं हललं नाही.

त्या दिवशी दुपारी बाहुल्यांचे खेळ करणारे एक गृहस्थ रुमालात गुंडाळून हार्ड डिस्क घेऊन आले. त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता.

"यात राजाचा आवाज आहे," ते म्हणाले. राजाचं बोलणाऱ्या त्यांच्या जोडीदाराच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, त्याचा आवाज गेला होता; जुनं रेकॉर्डिंग तेवढं या डिस्कवर उरलं होतं. उद्या खेळ. "प्रधान मी करतो हो. पण राजाच मुका म्हटल्यावर प्रधान हांजी हांजी करणार कुणाला?"

अण्णा हसले, आणि थोरलीच्या डोक्यावरून हात लांबवून त्यांनी डिस्क धाकटीला दिली.

धाकटीने ती दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरला जोडली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "आधी चार घास खाऊन येते. याला शांत डोकं हवं." ती गेली. अण्णा गृहस्थांना घेऊन समोर चहाला गेले. थोरली उठून तिच्या खुर्चीत बसली. पडद्यावर सूचना होती : विभाग सिलिंडरच्या कडेला संपत नाहीत.

ही सूचना समजायला अवघड नाही. डिस्क म्हणजे खुर्च्यांनी भरलेलं मोठं सभागृह समजा. जुन्या रीतीत खुर्चीचा नुसता नंबर चालत नसे. ओळ, म्हणजेच सिलिंडर, कितवी, तेही सांगावं लागे. आता ओळ केवढी? ते ठरतं डिस्क वाचणारी हेड किती त्यावरून. डिस्कला विचारावं, तर ती खुशाल थाप मारते. आत हेड असतात दोन-चार, पण सांगताना सोळा सांगेल, आणि कॉम्प्युटर त्याचे दोनशे पंचावन्न करून सांगेल. म्हणून विभाग पाडणारे हुशार प्रोग्राम आधी डिस्कवरचा विभागांचा तक्ता बघतात. प्रत्येक विभाग, म्हणजे खुर्च्यांचा एकेक गट, ओळीच्या टोकापर्यंत बसवायची पद्धत होती. तेव्हा जुने गट कुठे संपतात, त्यावरून ओळ केवढी ते ताडता येतं. दुकानातला प्रोग्राम तेवढी तसदी घेत नसे. कॉम्प्युटर सांगेल ते त्याला खरं.

हे थोरलीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण त्या घटकेला तिला एवढंच दिसलं, की धाकटीचं अडलंय. ती यायच्या आत आपण सरळ करून ठेवू, मग बघू कोणाचे डोळे नाजूक ते. तिने पहिल्या दोन विभागांच्या सीमा नव्या, लांब ओळींच्या कडेला सरकवल्या आणि तक्ता लिहून टाकला.

दुसरा विभाग उघडेना. राजा त्यातच होता.

गप्प बसलं तर? सगळे म्हणतील, धाकटीच्या हातून गेली डिस्क. हा विचार थोरलीला क्षणभर गोड लागला, आणि गोड लागला म्हणूनच तिला दरदरून घाम फुटला. धाकटी येऊन या चुकीच्या सीमा खऱ्या मानणार, त्यांवर दुरुस्ती चालवणार, आणि मग राजा कायमचा मुका.

दार वाजलं. धाकटी आत आली.

"हात लावू नकोस," थोरली म्हणाली. "मी सीमा बदलल्यात. दोनशे पंचावन्न धरून."

धाकटीने डबा खाली ठेवला. "का गं ताई?"

"तुझ्या आधी करायचं होतं."

धाकटी पडद्याशी आली. मग म्हणाली, "तिसऱ्याला हात लावलास?"

शेवटचा चिमुकला विभाग. थोरलीने त्याला विचारलंही नव्हतं. दोघी पडद्यावर वाकल्या. तो विभाग सोळाव्या हेडवर संपत होता. म्हणजे जुनी ओळ सोळाची.

पुढचं थोरलीनेच केलं. असल्या शोधाशोधीत तिचा हात कोणी धरू शकत नसे. आवाज जागच्या जागीच होते, फक्त पत्ता चुकला होता. सोळाच्या ओळींच्या सुरुवाती ती एकेक तपासत गेली. एका ओळीशी विभागाची ओळखीची खूण सापडली. सीमा तिथे आणून ठेवल्या आणि विभाग उघडला.

"कोण आहे रे तिकडे?" स्पीकरमधून राजा गरजला. दारातून आत येणारे गृहस्थ सवयीने कमरेत वाकले. "मीच, महाराज," ते म्हणाले, आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"धाकटीने काढलं ना?" अण्णांनी विचारलं.

"ताईने काढलं," धाकटी म्हणाली. आधी काय झालं होतं, ते तिने सांगितलं नाही.

अण्णांनी थोरलीच्या पाठीवर थाप दिली. किती दिवसांनी. थोरलीला वाटलं, आता तरी पोटातलं दुखणं थांबेल. पण हा चांगुलपणाही धाकटीनेच पटकावला होता, आणि त्याचाही तिला मनापासून हेवा वाटला.

"सरक जरा," ती धाकटीला म्हणाली. "दोघी मावतो इथे."